लसणाचा लेप लावून अख्खी कोंबडी भाजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात रविवारी दुपारी कुठल्याही गल्लीतून गेलात तरी दाल-बाफल्यांचा (बाफले म्हणजे उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे) वास येतो. आमच्या घरी मात्र दिवाळीनंतर थंडी पडली की महिन्यातून एक-दोन रविवार अख्खी कोंबडी भाजली जाते, तीही भरपूर लसूण लावून. जेवून गेलेले पाहुणे, शेजारच्या मुली, पुण्याला नोकरीसाठी गेलेली भाचरं नंतर फोन करून तेच तेच विचारतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती आधी सांगते. कोंबडी भाजायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. वाटलेला लसूण उघड्या आचेवर पंधरा-वीस मिनिटांपलीकडे टिकत नाही. या दोन वेळांचा मेळ बसवायचा, बाकी अवघड काहीच नाही.

लसूण वरून चोळला की काळा पडतो आणि कडू लागतो. काय चुकतं?

लावण्याची वेळ चुकते. लसणात साखरेच्या जातीचे पदार्थ भरपूर असतात. वाटल्यावर त्याचे बारीक कण होतात, त्यांतलं पाणी चटकन उडतं आणि मग ते करपायला लागतात. फोडणीत लसूण टाकून क्षणभर पाठ फिरवली की काय होतं, ते प्रत्येकीने पाहिलेलं आहे. ओव्हनमध्ये तेच हळूहळू होतं.

माझी पहिली कोंबडी अशीच गेली. दोन गड्डे लसूण वाटला, तेलात कालवला, सगळीकडून चोळला आणि ओव्हनमध्ये ठेवून दिला. चाळीस मिनिटांनी वरचा थर कोळशासारखा झाला होता आणि आत मांडीजवळ मांस अजून कच्चं होतं. लसूण खरवडून काढला, पण कडवटपणा कातडीत उतरलेलाच होता. घरच्यांनी कातडी बाजूला सारून खाल्लं. मला ते फार लागलं, कारण भाजलेल्या कोंबडीतली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तिची कातडीच.

तेव्हापासून मी लसूण दोनदा लावते. कच्च्या लसणाचा लेप लोण्यात कालवून कातडीच्या आत. तिथे ओल असते, त्यामुळे तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. लसूण करपत नाही, शिजतो आणि गोडसर होतो. दुसरा लेप आधीच भाजून मऊ केलेल्या लसणाचा, तुपात कालवलेला. तो कातडीच्या वरून, पण शेवटच्या पंधरा मिनिटांत.

दोन्ही लेपांचं प्रमाण काय?

साफ केलेली, कातडीसह सव्वा किलोची कोंबडी धरून सांगते. पाच-सहा जणांना इतर जेवणाबरोबर पुरते.

आतला लेप: मोठ्या पाकळ्यांचा लसूण असेल तर १२ ते १४ पाकळ्या, बारीक गावठी असेल तर २५-३०. पाट्यावर किंवा खलबत्त्यात ठेचायच्या. मिक्सरमध्ये पाणी घालावं लागतं आणि पाणी कातडीचं शत्रू आहे. ठेचलेला लसूण दहा मिनिटं तसाच राहू द्या. पाकळी चिरडली की तिच्यातला एक घटक दुसऱ्यावर काम करतो आणि त्यातून लसणाचा खरा झणका तयार होतो. लगेच आच किंवा आंबट लागलं तर ते काम अर्धवट राहतं. दहा मिनिटांनी त्यात ६० ग्रॅम मऊ लोणी, अर्धा लहान चमचा जाडसर मिरपूड, पाव चमचा हळद, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या बारीक चिरून आणि एका लिंबाची किसलेली साल घाला. सालीचा फक्त वरचा रंगीत भाग घ्यायचा, पांढरा भाग कडू असतो.

वरचा लेप: एक अख्खा गड्डा भाजून मऊ केलेला लसूण, दोन मोठे चमचे तूप, एक लहान चमचा काश्मिरी तिखट, थोडी मिरपूड आणि चिमूटभर मीठ. गड्ड्याचं टोक कापायचं, तेलाचे चार थेंब सोडायचे, फॉइलमध्ये गुंडाळून १९० अंशांवर चाळीस मिनिटं ठेवायचं. पाकळी दाबली की लोण्यासारखा लसूण बाहेर येतो. ओव्हन नसेल तर सोललेल्या पाकळ्या छोट्या कढईत तुपात बुडवून अगदी मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. रंग फिकट बदामी, त्यापुढे जाऊ द्यायचा नाही. तेच तूप लेपात वापरायचं.

लसूण कोणता घ्यावा?

या बाबतीत आपण माळव्यातली माणसं भाग्यवान आहोत. देशात सर्वांत जास्त लसूण पिकवणारं राज्य मध्य प्रदेश, आणि त्यातही मंदसौर-नीमच-रतलामचा पट्टा म्हणजे लसणाचं माहेर. मंदसौर म्हटलं की इंदूरच्या मराठी माणसाला शाळेत शिकलेला १८१८ चा तह आठवतो, ज्यानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली. मला आता ते नाव ऐकलं की आधी गोण्या दिसतात. रतलाम जिल्ह्यातल्या रियावन गावच्या लसणाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो उग्र असतो आणि टिकतोही चांगला.

चोइथराम मंडीत किंवा घराजवळच्या ठेल्यावर साधारण दोन प्रकार दिसतात. एक 'ऊटी' नावाने विकला जाणारा, मोठ्या पाकळ्यांचा, सोलायला सोपा, वासाने सौम्य. दुसरा देशी, बारीक पाकळ्यांचा, सोलताना नखं दुखतात पण वास घरभर पसरतो. मी आतल्या लेपाला देशी घेते आणि भाजायला ऊटी. मोठी पाकळी भाजल्यावर छान मलईसारखी होते. बारीक पाकळी भाजताना सुकून सालीला चिकटते.

लसणाचा मोसमही बघायला हवा. आपल्याकडे तो पावसाळा सरता सरता लावतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काढतात. नवा लसूण ओला असतो, त्याची साल सुटत नाही आणि लेप पातळ होतो. तो आठवडाभर हवेशीर जागी टांगून ठेवा. गटारीच्या वेळेला, म्हणजे आषाढी अमावास्येच्या आसपास, पावसाच्या दमटपणात साठवलेल्या लसणाला आतून कोंब यायला लागतात. हा हिरवा कोंब कडवट असतो. पाकळी उभी चिरून तो काढून टाका. भाजीत एखादा गेला तर कळत नाही, पण इथे दोन गड्डे लसूण आहे.

लेपाचा रंग हिरवा-निळा झाला. फेकून द्यायचा का?

नाही. लसणाला लिंबाचा किंवा इतर आंबटाचा स्पर्श झाला की त्यातल्या गंधकयुक्त घटकांपासून कधीकधी निळसर-हिरवा रंग तयार होतो. थंड जागी ठेवलेल्या लसणात हे जास्त दिसतं. खायला काही अपाय नाही, चवही बदलत नाही. मात्र रंगाबरोबर बुरशीचा वास किंवा चिकट तार दिसली तर तो नासलेला लसूण आहे, तो टाकायचाच.

बाजारची तयार आलं-लसूण पेस्ट चालेल?

रश्शाला चालते. इथे नको. तिच्यात टिकण्यासाठी आंबट आणि मीठ घातलेलं असतं, पाणी बरंच असतं, आणि आलं या लेपात मला खटकतं.

कोंबडी घेताना दुकानात काय सांगायचं?

हा प्रश्न लसणाइतकाच महत्त्वाचा. आपल्याकडची बहुतेक दुकानं विचारल्याशिवाय कातडी सोलून टाकतात, कारण ते पटकन होतं. कातडी ठेवायची तर कोंबडी गरम पाण्यात बुडवून पिसं काढावी लागतात, त्याला वेळ लागतो. म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा किंवा सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत जा. स्वच्छ शब्दांत सांगा: "भैया, स्किन मत उतारना, पूरी रखना, काटना मत." मी हे दोनदा सांगते, कारण बोलता बोलता त्यांचा हात सवयीने सुरी चालवतो.

भाव जिवंत वजनाचा आहे की साफ केलेल्याचा, ते विचारून घ्या. साधारण पावणेदोन किलोची जिवंत कोंबडी साफ होऊन कातडीसह सव्वा किलोच्या आसपास भरते. मला भाजायला हाच आकार आवडतो. दीड किलोच्या वरची कोंबडी घरगुती ओव्हनमध्ये वरच्या सळयांच्या फार जवळ जाते.

मानेकडची कातडी थोडी लांब ठेवायला सांगा, लेप आत दाबून ठेवायला ती उपयोगी पडते. पोटातली काळीज-पेठा वेगळी मागून घ्या. काही सणांच्या दिवशी दुकानं बंद असतात, तेव्हा बेत ठरवण्याआधी पंचांगात डोकावलेलं बरं.

गोठवलेली आणली असेल तर ओट्यावर ठेवून वितळवू नका. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात, पूर्ण एक दिवस आधी काढून ठेवा.

कोंबडी धुवायची की नाही?

आपल्या घरांत न धुतलेलं मांस शिजवायची कल्पनाच करवत नाही, हे मला माहीत आहे. माझी आई हळद लावून तीन पाण्यांनी धुवायची. पण नळाखाली धुतल्याने मांस निर्जंतुक होत नाही. उलट शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात. जंतू मरतात ते आचेने. मी आता धुवत नाही. पोटात रक्ताच्या गाठी असतील तर कागदी रुमालाने पुसून काढते. मन मानतच नसेल तर मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन, शिंतोडे न उडवता, हलक्या हाताने बुचकळून काढा आणि ओटा, सिंक साबणाने धुवा. नंतर मात्र आतून-बाहेरून इतकी कोरडी पुसा की हाताला ओल लागता कामा नये.

मीठ कधी लावायचं?

आदल्या रात्री. किलोला १० ते १२ ग्रॅम, म्हणजे सव्वा किलोच्या कोंबडीला बारीक मिठाचे दोन सपाट लहान चमचे. विकतचं खारं लोणी वापरणार असाल तर दीड. आतून-बाहेरून चोळायचं, मांड्यांच्या खाचांत विसरायचं नाही, आणि झाकण न लावता ताटलीत फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवायची. आधी मिठाने पाणी सुटतं, मग तेच खारट पाणी हळूहळू मांसात परत जिरतं. रात्रभरात कातडी चर्मपत्रासारखी सुकते. सकाळी हात लावून पाहा, कोरडी खरखरीत लागली की समजा खरपूस होणार.

शेजारी दूध, दही, चिरलेली फळं उघडी असता कामा नयेत. आमच्याकडे त्या रात्री तो कप्पा पूर्ण रिकामा करतो.

कातडीच्या आत लेप घालायचा कसा? फाटते ती.

नखं कापा, अंगठ्या काढा, बोटांना तेल लावा. कोंबडी उताणी ठेवून पोटाच्या बाजूने, छातीच्या हाडाच्या दोन्ही अंगांना, कातडी आणि मांस यांच्यामध्ये एक बोट सरकवा. पातळ पापुद्रा असतो, तो दाबाने सुटतो. ओढायचं नाही, बोट सपाट ठेवून पुढे ढकलायचं. छातीवरून मानेपर्यंत गेलात की बाजूला वळून मांडीवर या. मधोमध हाडावर कातडी घट्ट चिकटलेली असते, तिथे जबरदस्ती केली तरच फाटते.

मग लेपाचा गोळा आत सारायचा आणि बाहेरून तळव्याने पसरवायचा, पुरणपोळीत पुरण कडेपर्यंत नेतो तसा. निम्मा छातीवर, निम्मा दोन्ही मांड्यांवर. फाटलंच कुठे तर लवंगेने किंवा टूथपिकने टाचून घ्या. आतला लसूण उघडा पडला की तिथेच आधी करपेल.

पोटात अर्धं पिळलेलं लिंबू, लसणाच्या चार न सोललेल्या पाकळ्या आणि एक तमालपत्र. ठासून भरू नका, गरम हवा आत फिरायला हवी. तंगड्या सुती दोऱ्याने बांधा, पंखांची टोकं पाठीखाली दुमडा.

ओटीजीमध्ये तापमान आणि वेळ किती?

ओटीजी म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन. आधी आकार. २८-३० लिटरच्या खालच्या ओटीजीत अख्खी कोंबडी कोंबू नका. या आकाराचे ओटीजी साधारण दीड हजार वॉटचे असतात, तेव्हा सहा ॲम्पियरच्या साध्या सॉकेटला लावू नका, सोळाच्याच लावा.

कोंबडी फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा. मे महिन्यात इंदूर चाळीस अंशांच्या वर असताना पंधरा मिनिटं पुष्कळ. दरम्यान ओव्हन २०० अंशांवर पंधरा मिनिटं तापवा. कातडीवर थोडंसं तेल चोळा, जाळीवर ठेवा, जाळी सगळ्यात खालच्या खाचेत, खाली ट्रेमध्ये अर्धी वाटी पाणी म्हणजे थेंबणारी चरबी जळून धूर होत नाही. पाणी जास्त घातलंत तर वाफ होऊन कातडी मऊ पडेल.

पहिली वीस मिनिटं २०० अंशांवर. मग १८० करून पस्तीस मिनिटं. आता बाहेर काढून ब्रशने वरचा लेप लावा, पातळ आणि सगळीकडे, आणि परत १८० वरच पंधरा मिनिटं. एकूण सत्तर मिनिटं झाली. वजन वेगळं असेल तर दर अर्ध्या किलोला वीस मिनिटं आणि वर वीस, असा हिशेब धरा. आत पंखा फिरणारा ओव्हन असेल तर तापमान वीस अंशांनी कमी ठेवा.

प्रत्येक ओटीजीचा स्वभाव निराळा. आमचा उजव्या कोपऱ्यात जास्त तापतो, म्हणून मी मध्ये एकदा ट्रे फिरवते. छाती लवकर तांबूस झाली तर तेवढ्यावर फॉइलचा तुकडा सैल टाका, आणि वरचा लेप लावताना काढून घ्या.

ओव्हन नाही. बाफल्यांच्या ओव्हनमध्ये होईल का?

होईल, आणि इंदुरात हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण गॅसवर ठेवायचा तो गोल ॲल्युमिनियमचा बाटी-बाफल्यांचा ओव्हन इथे बहुतेक घरी असतो. फक्त तीन गोष्टी समजून घ्या. त्याला खालून आच जास्त आणि वरून कमी. तापमान कळत नाही. आणि झाकणाखाली उंची कमी, त्यामुळे अख्खी उभारलेली कोंबडी त्यात बसत नाही.

म्हणून कोंबडी उघडून सपाट करायची. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी मजबूत कात्रीने कापून कणा काढून टाका (सुपाला ठेवा), कोंबडी पालथी पुस्तकासारखी उघडून छातीवर तळव्याने जोर द्या. कट् असा आवाज येऊन ती सपाट बसते. दुकानदार हे काम मिनिटात करून देतो. लेप कातडीच्या आत नेहमीसारखाच.

ओव्हन दहा मिनिटं तापवा, आच मध्यमपेक्षा थोडी कमी करा, जाळीवर लहान कडांची थाळी आणि थाळीत कोंबडी कातडी वर करून. पन्नास ते साठ मिनिटं. मध्ये सारखं झाकण उघडू नका. कातडी शिजेल पण वरून हवा तेवढा रंग येणार नाही. तेव्हा लोखंडी तवा चांगला तापवून, कोंबडी कातडीच्या बाजूने त्यावर चार-पाच मिनिटं दाबून धरा. उलटल्यावर रंग पाहून तुम्हीच खूश व्हाल. मग तव्याची आच बंद करून भाजलेल्या लसणाचा लेप गरम कातडीवर पसरा. इथे तो आधीच शिजलेला आहे, त्याला आणखी आच नको.

ज्या घरात बाफले देवाला दाखवले जातात तिथे याच ओव्हनमध्ये कोंबडी घालण्याला वडीलधाऱ्यांची हरकत असते, आणि ती मानायला हवी. आमच्या सासूबाई स्वतः खात नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही दुसरा ओव्हन घेतला, त्याचं स्थान गच्चीवर, आणि तिथली सुरी, पाट, भांडी सगळी वेगळी. त्या खाली निवांत वरणभात जेवतात, आम्ही वर. कुणाचंच मन दुखत नाही.

कुकरची शिट्टी आणि रबर काढून कोरडा तापवायचा सल्ला काही जण देतात. मी तो देत नाही; तासभर कोरडा तापलेला कुकर पुन्हा भरवशाचा राहत नाही.

एअर फ्रायर?

किलोभराची कोंबडी पाच लिटरच्या टोपलीत बसते. छाती खाली करून १८० अंशांवर तीस मिनिटं, मग उलटून वीस-पंचवीस. त्यात गरम हवेचा झोत थेट कातडीवर येतो, म्हणून वरचा लेप शेवटची पाच मिनिटंच.

शिजली हे कसं ओळखायचं? हाडाजवळ गुलाबी दिसतं.

मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. ७४ अंश सेल्सियस ही सुरक्षित मर्यादा. मी मांडीत ७८-८० येऊ देते, कारण मांडीचं मांस तेवढ्यात जास्त मऊ होतं. छातीतही एकदा तपासा.

थर्मामीटर नसेल तर मांडी आणि शरीर जिथे जुळतात तिथे सुरीचं टोक घाला. रस स्वच्छ आला आणि तंगडी सांध्यात सैल हलली तर झाली. लालसर रस आला तर आणखी दहा मिनिटं.

हाडाजवळच्या गुलाबी रंगाने घाबरू नका. दुकानातली ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांची असते, तिची हाडं कोवळी असतात आणि आतल्या मगजाचा रंग शिजताना बाहेर झिरपतो. तापमान बरोबर असेल तर ती शिजलेली आहे.

छातीचं मांस कोरडं पडतं.

आदल्या रात्रीचं मीठ आणि कातडीखालचं लोणी, यांनी निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं धीराने. ओव्हनमधून काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. लगेच कापलीत तर सगळा रस पाटावर वाहून जातो. पोरं सुरीभोवती घिरट्या घालतात, तेव्हा त्यांना ताटं मांडायला लावा. फॉइलने घट्ट झाकू नका, कातडी सादळते.

कातडी खायची नाही, किंवा कातडीसह मिळालीच नाही.

मग हा लेप बदलावा लागेल. बिनकातडीच्या कोंबडीवर लोणी टिकत नाही, वाहून जातं. पाऊण वाटी टांगलेलं दही, भाजलेल्या लसणाचा एक पूर्ण गड्डा, दोन मोठे चमचे खमंग भाजलेलं बेसन, तिखट, मीठ आणि एक चमचा तेल, असा दाट लेप करा. मांसाला चिरा देऊन तो चोळा, चार तास मुरू द्या. भाजताना पहिली पस्तीस मिनिटं फॉइलने झाकून, नंतर उघडी. बेसनामुळे लेप धरून राहतो आणि कोंबडीला पुन्हा एक सालपट येतं. चव तंदुरीच्या वळणाची होते. मला कातडीचीच आवडते, पण ही आमच्या काकांसाठी नेहमी करते, डॉक्टरांनी त्यांना चरबी कमी करायला सांगितली आहे.

कडकनाथ अशी भाजता येईल?

झाबुआचा कडकनाथ आपल्या शेजारचाच, त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण तो सावकाश वाढणारा पक्षी. मांस घट्ट, चरबी कमी. कोरड्या आचेवर तासभर ठेवलात तर चिवट होतो. शिवाय त्याचं मांस मुळात काळं, त्यामुळे रंगावरून भाजणीचा अंदाज येत नाही. त्याचा रस्साच करा.

कोंबडीखाली बटाटेच घालायचे का?

थंडीत असाल तर गराडू घाला. हा एक कंद, इंदूरच्या सराफा बाजारात रात्री तळून मिळतो तोच. सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर खाज सुटते. मोठ्या फोडी मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवून, निथळून, शेवटची चाळीस मिनिटं ट्रेमध्ये टाका. तेव्हा ट्रेत पाणी ठेवायचं नाही. वरून थेंबणारं लसणाचं लोणी त्या फोडी पिऊन घेतात, बाहेरून कडक आणि आत मेणासारख्या होतात. वर लिंबू आणि जीरावन भुरभुरवा. इंदुरात पोह्यांवर घालतो तो मसाला, जीरावन, हो. त्यातलं काळं मीठ आणि आमचूर त्या तुपकटपणाला छान कापतं. आमच्याकडे कोंबडीआधी गराडूच संपतो.

लसणाचं तूप-तेल जास्त करून ठेवलं तर चालेल?

फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस. ओट्यावर बरणीत मुळीच नाही. तेलात बुडालेल्या लसणाला हवा लागत नाही आणि अशा ठिकाणी एक अत्यंत विषारी जंतू वाढू शकतो, ज्याचा वास किंवा चव कळत नाही. कच्च्या मांसाला लागलेला ब्रश ज्या वाटीत बुडवला तो लेप तर त्याच दिवशी टाकून द्यायचा.

उरलेल्याचं काय करायचं?

जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत मांस हाडांवरून सोडवून डब्यात, फ्रिजमध्ये, उन्हाळ्यात तासाभरातच. तीन दिवसांत संपवा. गरम करताना थोडं पाणी शिंपडून झाकण ठेवा. दुसऱ्या दिवशी पोळीत कांदा, लिंबू आणि बारीक शेव घालून गुंडाळी केली की मुलांचा डबा होतो.

हाडं, काढून ठेवलेला कणा आणि पोटातल्या त्या चार पाकळ्या दीड लिटर पाण्यात, सात-आठ मिरे घालून मंद आचेवर दीड तास उकळा. मीठ शेवटी, चाखून, कारण हाडांना आधीच लागलेलं असतं. पाकळ्या गाळणीवर चमच्याने दाबून रसात उतरवा, साल गाळणीतच राहते.